रविवारची मधली खुर्ची

तापू लागलेल्या धुळीला एक वास असतो. थंडीतली पहिली इस्त्री लोकरीवरून फिरते तेव्हा येतो, तसा काहीसा; त्यात थोडं व्हार्निश, थोडं तांबं, आणि अगदी शेवटी काहीतरी गोडसर, भाजत आलेल्या रव्यासारखं. लखनौच्या अलीगंज भागातल्या आमच्या घरात रविवारी सकाळी हा वास जिन्यावरून खाली उतरायचा आणि स्वयंपाकघरात येऊन पोह्यांच्या फोडणीला भेटायचा. मग मला कळायचं की वरच्या खोलीत नवऱ्यानं अँप्लिफायर सुरू केला आहे. त्याचे काचेचे व्हॉल्व्ह हळूहळू नारिंगी होतील, पुरते तापतील, आणि तोवर पाहुणे फाटकाशी येतील.

ती खोली आमच्या घरातली सर्वांत शांत खोली. रस्त्याकडे पाठ करून असलेली, जाड पडद्यांची, जमिनीवर भदोहीचा गालिचा, तीन भिंतींना पुस्तकं. चौथ्या भिंतीपुढे सागवानी पेट्यांमधले दोन स्पीकर, माझ्या कमरेपेक्षा थोडे उंच. माझा नवरा रेल्वेत सिग्नलचा इंजिनियर होता. बदली झाली की सामानाच्या ट्रकमध्ये आधी ते स्पीकर चढत, मग पलंग, आणि जागा उरली तर मी, असं मी माहेरी सांगत असे. लखनौतच, आलमबागच्या रेल्वे वसाहतीत आम्ही सर्वांत जास्त काळ राहिलो. निवृत्तीनंतर साताऱ्याला परतायचं ठरलेलं होतं, पण त्या वेळेपर्यंत नवऱ्याला रविवारचे सोबती मिळाले होते, आणि मला इथल्या हिवाळ्यातल्या उन्हाची सवय लागली होती. त्यामुळे परतणं राहिलं.

सोबती दोनच. एक, जुन्या शहरातल्या चौक भागात राहणारे डोळ्यांचे डॉक्टर, आता निवृत्त. बोलताना शब्द असे उचलतात की जणू प्रत्येकाखाली बशी आहे. दुसरे मलिहाबादचे आंब्याच्या बागांचे मालक. त्यांना आम्ही बागवालेच म्हणतो. ते आले की त्यांच्या कुर्त्याला ऋतूप्रमाणे मोहोराचा, चिकाचा किंवा पिकल्या दशहरीचा वास असतो, आणि त्यावरून मला महिना कळतो. तिघांना जोडणारी गोष्ट एकच: घरच्या घरी आवाज जितका खरा करता येईल तितका करायचा, आणि मग गप्प बसून तो ऐकायचा. जगात या छंदाला भारी नाव असेल. आमच्याकडे त्याला ‘बैठक’ म्हणत.

बैठकीचे दोन रिवाज होते. पहिला असा की सुई तबकडीला टेकायच्या आधी पंखा बंद. कूलरसुद्धा. पंख्याची घरघर गाण्याच्या शांत जागा खाऊन टाकते, असं तिघांचं एकमत. लखनौच्या जूनमध्ये पंखा बंद करून बसणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. डॉक्टरसाहेब कपाळ टिपत, बागवाले उपरण्याच्या टोकानं मान पुसत, नवरा चष्म्यावरचे थेंब झटकत असे, आणि तरी कोणाचा हात बटणाकडे जात नसे.

दुसरा रिवाज मधल्या खुर्चीचा. दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर, खोलीच्या बरोबर मध्यभागी, वेताची एक आरामखुर्ची होती. रेल्वेच्या लिलावात घेतलेली, रुंद हातांची, एके काळी कुठल्याशा वेटिंग रूममध्ये साहेबलोकांनी झिजवलेली. स्टिरिओचं सगळं गणित त्या एका जागेसाठी मांडलेलं असतं. तिथे बसणाऱ्याच्याच पुढ्यात गाणारा माणूस हवेत उभा राहतो. बाजूला बसणाऱ्यांच्या वाट्याला आवाज येतो, माणूस येत नाही.

आता अशी खुर्ची, आणि हे शहर.

“तशरीफ़ रखिए, भाईसाहब,” डॉक्टरसाहेब बागवाल्यांना म्हणत.

“आपके होते हुए हम बीच में बैठें? डॉक्टर साहब, आप बुज़ुर्ग हैं, हक़ आपका बनता है।”

“बुज़ुर्ग! मियाँ, चार आम क्या उगा लिए, हमें बुज़ुर्ग बना दिया?”

“तो फिर इंजिनियर साहब बैठें। घर इनका है।”

“घर माझं आहे म्हणूनच तर मी...” नवरा घाईत मराठीत सुरू होई आणि मग सावरून घेई, “मैं कैसे बैठूँगा? मुझे तो रेकॉर्ड पलटना है।”

शेवटी दोघे पाहुणे भिंतीलगतच्या दोन बाजूंना आणि नवरा रेकॉर्ड प्लेअरपाशी बुटक्या वेताच्या मोड्यावर. मधल्या खुर्चीत, वाजणाऱ्या तबकडीचं रिकामं पाकीट टेकवून ठेवलेलं. त्यावरच्या छायाचित्रातली गायिका आपलंच गाणं ऐकत बसलेली असे. आमच्या साताऱ्याकडे रिकामी खुर्ची दिसली की माणूस आधी बसतो, मग नमस्कार करतो. माझा नवरा तिथलाच. पण या हवेत इतकी वर्षं राहून त्याच्याही हाडांत ते मुरलं होतं. वेगवेगळ्या रविवारी वेगवेगळी कारणं, पण खुर्ची रिकामीच. आणि एकटा असताना तो अँप्लिफायर लावतच नसे, कारण ते व्हॉल्व्ह आता सहजी मिळत नाहीत; त्यांचं आयुष्य त्यानं रविवारसाठी राखून ठेवलं होतं.

मागच्या दिवाळीआधी आम्ही घराला रंग काढला. वरची खोली रिकामी झाली, तारा सुटल्या, आणि नेमक्या त्याच सुमारास मुलीनं बंगळूरहून बाबाच्या वाढदिवसाला स्पीकरच्या नव्या तारा पाठवल्या. राखाडी रेशमासारख्या विणीचं आवरण, बोटाएवढ्या जाड, हातात घेतल्या की मांजराच्या शेपटीसारख्या सुळसुळणाऱ्या. नवरा दिवसभर त्या नुसत्या हाताळत होता. मग त्यानं गालिच्यावर लोळण घेऊन स्पीकरांच्या मागे त्या जोडल्या, एकेका स्पीकरला कान लावून दोन्ही बोलतात याची खात्री केली, आणि अँप्लिफायर बंद करून टाकला. नव्या जोडणीचं पहिलं ऐकणं पाहुण्यांचं, हाही त्यानं इथेच उचललेला रिवाज.

त्या रविवारी नवऱ्यानं एक जुनी ठुमरी लावली आणि तिघं खूश झाले.

“सुभान अल्लाह,” डॉक्टरसाहेब म्हणाले. “आवाज़ पूरे कमरे में फैल गई है।”

“दीवारें ही नहीं रहीं,” बागवाले म्हणाले. “लगता है खुले बाग़ में गा रही हैं।”

“तारा मुलीने पाठवल्यात,” नवरा म्हणाला. ते वाक्य त्यानं त्या सकाळी इतक्या वेळा आणि इतक्या भाषांमध्ये म्हटलं की मी मोजणं सोडून दिलं.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. माझी जागा नेहमी तीच. आत जावं तर कपांची किणकिण होते, म्हणून तबकडीची बाजू संपेपर्यंत उंबऱ्यावर थांबायचं. आवाज खरंच पसरला होता. धुक्यात दिवा पसरतो तसा. पण मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. कवितेच्या वर्गात आम्हांला शिकवलं होतं की ओळ वाचताना कवी श्वास कुठे घेतो ते शोधा, तिथे माणूस सापडतो. मी त्या ठुमरीत श्वास शोधत होते आणि तो कुठेच नव्हता. सूर होते, तबला होता, पण मागे कोणाची छाती वर-खाली होत नव्हती.

“गाना तो है,” मी ट्रे ठेवता ठेवता म्हणाले, “पर गानेवाली उठकर कहीं चली गई हैं।”

डॉक्टरसाहेबांनी हात छातीवर ठेवला. “वाह भाभीजी! क्या मिसरा कहा है! फिर से इरशाद हो।”

कवितेच्या नादी लागलेल्या बाईची ही कायमची पंचाईत. साधी तक्रार केली तरी दाद मिळते.

हिवाळा असाच गेला. चहाच्या वेळी गप्पा मात्र हळूहळू एकाच वळणाला येऊन थांबायला लागल्या. हजरतगंजच्या गल्लीतलं एकमेव दुकान, जिथे सुया आणि व्हॉल्व्ह मिळत, तिथे आता मोबाइलची कव्हरं टांगली होती. बागवाल्यांचा मुलगा बागेत खाट टाकून, फोन छातीवर ठेवून गाणी ऐकायचा. “फ़ोन गिर जाता है तो गाना भी गिर जाता है,” ते सांगत. डॉक्टरसाहेबांच्या घरात मुलांनी एक बोलका डबा आणून ठेवला होता, वाटीएवढा. त्याला हुकूम दिला की तो गातो. “हम उससे ‘आप’ कहके बात करते हैं, तो वो समझता ही नहीं,” डॉक्टरसाहेब खिन्नपणे म्हणाले आणि आम्ही सगळे हसलो, तेही हसले. पण मग कप खाली ठेवून ते म्हणाले, “ये शौक़ हमारे साथ ही जाएगा, साहब। सामान रह जाएगा, बैठनेवाले नहीं रहेंगे।”

जगभरचे असले वेडे इंटरनेटवर जिथे जमतात तिथे नवरा रोज डोकावायचा, आणि मला एकदा सांगत होता की तिथे आता उपकरणांच्या गप्पा कमी आणि गुडघ्यांच्या जास्त असतात.

होळीच्या सुमारास मुलगी घरी आली. तिच्या कंपनीनं बंगळूरचं कार्यालय बंद केलं आणि सगळ्यांना सांगितलं, जिथे आहात तिथून काम करा. ती म्हणाली, मग मी लखनौहून करते. आमची मुलगी इथेच जन्मली, वाढली. मी तिच्याशी मराठीत बोलते, ती मला हिंदीत उत्तर देते. घरातली ही दुपदरी वाहतूक वर्षानुवर्षं सुरळीत चालू आहे. मराठी तिला सगळं कळतं. तोंडातून मात्र येत नाही. फक्त ‘आई’, ‘बाबा’ आणि ‘वरण’ एवढंच येतं.

तिनं जेवणाच्या टेबलावर संगणक मांडला. तिच्या मीटिंगांमध्ये माझ्या कुकरच्या शिट्ट्या जाऊ लागल्या, बाहेरच्या स्कूटर जाऊ लागल्या, भाजीवाल्याची हाक जाऊ लागली. ती कानात दोन पांढरे मणी घालून बसायची आणि तिनं एकदाही कुरकुर केली नाही. नवरा मात्र रोज ते पाहत होता. एका संध्याकाळी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढताना तो म्हणाला, “तिला दार लागेल अशी खोली हवी.”

“मागितली का तिनं?”

“ती कशाला मागेल? आपण समजून घ्यायचं.” मग एक चादर घडी करण्यात त्यानं फार वेळ घालवला. “तसंही आता किती दिवस चालणार ते सगळं. स्पीकर विकून टाकतो.”

मी मुलीला विचारलं. ती सिंकपाशी पाणी पीत उभी होती. “बाबा का कमरा? नहीं यार आई, मुझे नहीं चाहिए। पर वो ख़ुद ही बेच रहे हैं तो... थक गए होंगे शायद। मैं क्यों रोकूँ?”

मी दोघांनाही दुसऱ्याचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, “ती तसं म्हणणारच.” ती म्हणाली, “वो तो ऐसे ही बोलेंगे।” मधल्या खुर्चीचा खेळ आता आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता.

मे महिन्यात गोमतीनगरचा एक कॅफेवाला स्पीकर पाहायला आला. मुलगा गोड होता, बूट बाहेर काढून आला, मला वाकून नमस्कार केला. त्यानं सागवानाच्या कडांवरून बोट फिरवलं, टेप लावून उंची घेतली, चारही बाजूंनी फोटो काढले.

“एकदा ऐकून तर बघा,” नवरा त्याला म्हणाला. उत्साहात मराठीतच. मग हिंदीत.

“अरे नहीं अंकल, आवाज़ के लिए तो हमारे पास ब्लूटूथ है।” त्यानं दोन्ही पेट्यांच्या माथ्यावर तळहात ठेवून पाहिलं. “इनके ऊपर हम पौधे रखेंगे। मनीप्लांट। क्या लुक आएगा!”

नवऱ्याचा चेहरा पाहून मी खिडकीबाहेर पाहू लागले. तरी तो ‘हो’ म्हणाला. “कुठेतरी उभे तरी राहतील,” जिन्यावरून उतरताना तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. जूनच्या एका सोमवारी टेम्पो येणार, असं ठरलं. आदल्या दिवशी शेवटची बैठक.

त्या रविवारी बागवाले दशहरीची करंडी घेऊन आले. मी आंबे बादलीत पाण्यात टाकले; वरचं दार, जिना, सगळं घर त्या वासानं भरून गेलं, इतकं की अँप्लिफायरचा वास त्यातून वाट काढत कसाबसा पोहोचला. डॉक्टरसाहेब इस्त्रीची शेरवानी घालून आले होते. जूनमध्ये शेरवानी! “आख़िरी महफ़िल है,” ते म्हणाले, आणि पंखा बंद करायला स्वतः उठले.

नवऱ्यानं ती जुनी ठुमरी काढली. पाकीट खुर्चीत टेकवणार तोच डॉक्टरसाहेबांनी त्याचा हात धरला. “आज नहीं। आज इस कुर्सी पर आप बैठेंगे।”

“डॉक्टर साहब, आप...”

“हम तो कहते हैं भाईसाहब बैठें, इतनी दूर से आए हैं।”

“मलिहाबाद कौन-सा विलायत है, हुज़ूर? आप बैठिए।”

तिघांच्या कपाळावरून घाम वाहत होता, तबकडी रिकामी फिरत होती आणि तिघंही एकमेकांना त्या खुर्चीकडे हातानं वाट दाखवत उभे होते. मी दारात ट्रे घेऊन थांबले होते. तेवढ्यात मुलगी चार्जर शोधत वर आली. हातात अर्धा खाल्लेला आंबा, कोपरापर्यंत रस. तिनं उभ्या असलेल्या तिघांकडे पाहिलं, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि “बैठ जाऊँ? दो मिनट,” म्हणत त्या वेतात धप्प करून बसली.

मग डॉक्टरसाहेब हसले, “लीजिए, मसला हल!” आणि नवऱ्यानं सुई टेकवली.

सारंगी आली. तबला आला. आवाज नेहमीसारखा खोलीभर पांगला, आणि दोघे पाहुणे डोळे मिटून मान हलवू लागले. मुलीनं आंब्याची कोय तोंडातून काढली.

“बाबा, ये गा कहाँ से रही हैं?”

“श्श. ऐक.”

“नहीं, सच में। कहाँ खड़ी हैं?” तिनं डोकं डावीकडे झुकवलं, उजवीकडे झुकवलं. “इधर होती हूँ तो इधर से आ रही हैं, उधर से तो उधर से। बीच में कोई है ही नहीं। बीच में छेद है।”

“बिटिया, इसी को फैलाव कहते हैं,” बागवाले मायेनं म्हणाले. “तुम्हारे तारों का कमाल है।”

“अंकल, मेरे तार ऐसा कमाल करेंगे तो मैं पैसे वापस माँगूँगी।” ती पुढे सरकली. “तबले में भी दम नहीं है। डग्गा तो सुनाई ही नहीं दे रहा। बाबा, एक उलटा तो नहीं लगा दिया?”

नवऱ्यानं सुई उचलली. तो टॉर्च घेऊन डाव्या स्पीकरच्या मागे गेला, मग उजव्याच्या. त्याचे पाय तेवढे दिसत होते. बराच वेळ ते हलले नाहीत. मग हलू लागले, थरथरू लागले, आणि मला वाटलं त्याला काही झालं. मी ट्रे खाली ठेवून धावले. तो गालिच्यावर उताणा पडून, तोंडावर हात धरून हसत होता.

“लाल काळ्यात,” तो म्हणाला. त्याला बोलता येईना. “अगं, एका स्पीकरला लाल तार काळ्या टोकात आणि काळी लालमध्ये. आयुष्यभर सिग्नलचं काम केलं मी! आवरण सगळं राखाडी, खूण एवढीशी, आणि चष्मा खिशात!”

मुलीनंच मग सगळ्यांना समजावलं. एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो; मग मधोमध दोघांचे आवाज एकमेकांना पुसून टाकतात. बाजूला बसणाऱ्याला तितकं कळत नाही, त्याला नुसतं मोकळं मोकळं वाटतं. मधल्या खुर्चीत बसलं तरच उघडं पडतं.

डॉक्टरसाहेब भिंतीलगतच्या आपल्या जागेवरून हळूहळू उठले. “यानी दिवाली से,” ते म्हणाले, “हम जिस चीज़ पर दाद दे रहे थे...”

“वो ग़लती थी, हुज़ूर,” बागवाले म्हणाले.

“और जिसने सच कहा था, उस पर भी हमने दाद दे दी!” त्यांनी माझ्याकडे वळून कानाची पाळी पकडली. “भाभीजी, माफ़ी। आप तो शिकायत कर रही थीं।” आणि मग त्या शेरवानीतल्या गृहस्थांना असं हसू फुटलं की बागवाल्यांनी त्यांना धरून पुन्हा बसवलं.

तारा सरळ झाल्या. मुलगी खुर्चीतून उठली नव्हती. सुई पुन्हा टेकली, आणि या वेळी कोणीही डोळे मिटले नाहीत; सगळे तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. सारंगीचा पहिला सूर आला तेव्हा ती जराशी मागे सरली, कोणी अचानक समोर येऊन बसावं तशी. तिचं बोट आपोआप उचललं गेलं आणि हवेत एका जागी थांबलं, दोन्ही स्पीकरांच्या मधोमध, बसलेल्या बाईच्या ओठांच्या उंचीवर.

“यहाँ,” ती कुजबुजली. “यहाँ हैं।”

बाजू संपेपर्यंत ती हलली नाही. आंब्याचा रस तिच्या हातावर वाळून गेला. नवरा रेकॉर्ड प्लेअरपाशी उभा होता, पण तबकडी पलटायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. सुई शेवटच्या रेघेत खरखरत फिरत राहिली.

“बचपन से देख रही हूँ,” शेवटी ती म्हणाली, “ये कुर्सी ख़ाली रहती है। मुझे लगता था इस पे बैठना मना है।”

डॉक्टरसाहेबांनी रुमाल काढला आणि कपाळाऐवजी डोळे टिपले, घाम असेल.

“बाबा, कैफ़े वाले को मना कर दो।”

“आणि तुझं काम?”

“मेज़ वहाँ लगेगी, खिड़की के पास। दिनभर तो मेरे कान में ये रहते ही हैं।” तिनं खिशातले पांढरे मणी दाखवले. “संडे को मेज़ पे चादर डाल देंगे। और मैं अपने दो दोस्तों को बुलाऊँगी। वो भी ऐसे ही पागल हैं, महीनों एक हेडफ़ोन पे लड़ते हैं। बस उनका कमरा कान के अंदर है।”

“पंखा बंद रखना पड़ेगा,” नवरा घाईघाईनं म्हणाला, जणू ती अट ऐकून ती माघार घेईल अशी त्याला भीती वाटत होती.

“पंखा बंद। पर कुर्सी पे बारी-बारी से बैठेंगे। कोई ‘आप’-‘आप’ नहीं करेगा।”

“बिटिया,” डॉक्टरसाहेब गंभीरपणे म्हणाले, “यह तो लखनऊ छोड़ने वाली शर्त है।” पण तबकडीची पुढची बाजू लावायच्या वेळी ते उठले, शेरवानी सावरली, आणि कोणालाही न विचारता त्या खुर्चीत जाऊन बसले. मग बागवाले. मग, सगळ्यांनी दंडाला धरून बसवल्यावर, माझा नवरा. त्याच्या खोलीत, त्याच्या स्पीकरांसमोर, त्या जागी तो बसलेला मी तोपर्यंत पाहिला नव्हता. त्यानं चष्मा काढून मांडीवर ठेवला, आणि पाठ टेकली.

कॅफेवाल्याला त्यानं तिथूनच फोन लावला, खूप माफी मागितली. पलीकडचा आवाज आम्हां सगळ्यांना ऐकू येत होता: “कोई बात नहीं अंकल। कुछ और पुराना पड़ा हो तो बताइएगा, बजना ज़रूरी नहीं है।” माळ्यावर एक मुका रेडिओ होता, माझ्या सासऱ्यांचा, लाकडाची पेटी तेवढी शाबूत असलेला. मनीप्लांटसाठी जागा मुबलक होती. सोमवारी टेम्पो आला, पण तो रेडिओ न्यायला.

त्या रविवारी पाहुणे उतरून गेले तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं. नवरा त्यांना फाटकापर्यंत पोहोचवायला गेला आणि तिथेच रेंगाळला. तिघांचं हसणं पडद्यांतूनही वर येत होतं. मी कप गोळा करायला लागले. मुलगी तबकड्या पाकिटात घालत होती. माझ्या हातून तिनं ट्रे काढून घेतला आणि पुस्तकांच्या कपाटावर ठेवला.

“अगं, राहू दे, मला खाली वरण लावायचंय,” मी म्हणाले. “तू बैस हवं तर. बाबा येतोय, तो बसेल.”

माझेच शब्द माझ्या कानावर पडले, आणि मला हसू आलं. ती हसली नाही. तिनं माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले, आंब्याचा वास असलेले, थोडेसे चिकट, आणि मला मागे मागे नेऊन त्या वेताच्या खुर्चीत बसवलं. इतकी वर्षं मी ही खोली उंबऱ्यावरून ऐकली होती. वेत माझ्या वजनानं कुरकुरला. समोर दोन्ही पेट्या सारख्या अंतरावर होत्या, आणि त्यांच्यामध्ये उन्हाचा एक उभा पट्टा, ज्यात धूळ सावकाश तरंगत होती.

तिनं पंखा बंद केला. पाती हळू होत होत थांबली. तिनं सुई तबकडीच्या काठावर धरली, पण लगेच सोडली नाही. वळून माझ्याकडे पाहिलं. त्या उन्हाच्या पट्ट्यात अजून कोणी नव्हतं. मग सुई टेकली, एक हलकी खरखर झाली, आणि सारंगीच्याही आधी, त्या धुळीतून कोणीतरी श्वास घेतला.

माझ्याशी आयुष्यभर हिंदीत बोललेली माझी मुलगी गालिच्यावर माझ्या पायाशी बसली, आणि म्हणाली, “ऐक.”